असीलची पारख

त्या रविवारी सकाळी दाणे घेऊन मी मागच्या अंगणात गेले, तेव्हा मोठ्या खुराड्याचं दार नीट बंद होतं, बाहेरून कडी घातलेली होती आणि आत कोंबडा नव्हता.

मांजर शिरलं असतं तर पिसं विखुरली असती. मुंगूस आलं असतं तर रक्त दिसलं असतं, शेजारच्या खुराड्यातल्या कोंबड्या भेदरून कोपऱ्यात बसल्या असत्या. त्या तर रोजच्यासारख्या जाळीपाशी येऊन माझी वाट बघत होत्या. शिवाय मांजर-मुंगूस जाताना कडी घालत नाहीत. हे लक्षात आलं आणि हातातलं भांडं मी खाली ठेवलं.

"बाबा, जरा इकडे या."

वडील कोट-टाय घालून तयार बसले होते. आम्ही मराठी ख्रिस्ती, मूळचे नगरकडचे. दिल्लीत महिन्यातून एकदा मराठी उपासना होते आणि बाबा ती सहसा चुकवत नाहीत. पॉलिश केलेल्या बुटांनी ते भुशातून चालत आले, रिकाम्या खुराड्याकडे बघितलं, कडीकडे बघितलं आणि मग आमच्या आणि घरमालकाच्या अंगणांमधल्या बुटक्या भिंतीकडे बघत राहिले. दोघांच्याही मनात एकच माणूस आला होता.

आम्ही त्या घरात कसे आलो ते सांगते. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत होते. माझं लहानपण लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये गेलं, शाळा पहाडगंजची, मराठी माध्यमाची. कोंबडी आमच्या घरात फक्त ताटात यायची. लग्नानंतर मी मानेसरला आले. नवरा गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहे. आई गेल्यावर बाबाही आमच्याकडे राहायला आले. मानेसरच्या मागे, एका गावाच्या कडेला आम्ही घर भाड्याने घेतलं. मागे बरीच मोकळी जमीन होती. तिचं काय करायचं हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

मग नवऱ्याच्या एका सहकाऱ्याची चेन्नईला बदली झाली. त्याने एक कोंबडा आणि दोन कोंबड्या आमच्याकडे आणून ठेवल्या. घर मिळालं की घेऊन जाईन, म्हणाला. तिथे फ्लॅट मिळाल्यावर त्याचा फोन आला, "भाभी, अब आप ही रख लो."

ते असील होते. आपल्याकडची फार जुनी जात. उंच, ताठ, अंगाला घट्ट चिकटलेली कडक पिसं, रुंद खांदे, डोक्यावर दबका, बुटका तुरा. अंडी कमी देतात, वाढायला वेळ घेतात, म्हणून अंडी-चिकनचा धंदा करणारे त्यांच्या वाटेला जात नाहीत. माझ्यासारखे हौशी ठेवतात, नाहीतर झुंजी लावणारे ठेवतात. असील माणसाच्या अंगावर सहसा येत नाही, उलट हातात शांत बसून राहतो. पण समोर दुसरा नर आला की मरेपर्यंत मागे हटत नाही.

सुरुवातीला मी सगळी पिल्लं ठेवली, आणि दर पिढीला माझे पक्षी बिघडत गेले. कुणाची बोटं वाकडी, कुणाचं छातीचं हाड वाकडं, कुणाची शेपटी एका अंगाला झुकलेली. मग हळूहळू शिकले. वाचलं, लोकांना फोन केले, दोन-चार ठिकाणी जाऊन दुसऱ्यांचे पक्षी पाहिले. पिल्लू हातात घेऊन बोटांनी हाड चाचपायचं. चालताना पाय रुंद पडतात का बघायचं. डोळा मोत्यासारखा पांढरट होतो का याची वाट बघायची, त्याला महिने लागतात. आणि मादीकडे नरापेक्षा जास्त लक्ष द्यायचं. एवढं करून विसातली दोन ठेवायची, बाकीची स्वयंपाकघरात. ते काम मी स्वतः करते. बाबांना जमत नाही, आणि नवऱ्याला नेमकं त्याच दिवशी बाजारात काम निघतं.

बाबांकडे शब्द होते. त्यांची आई गावी कोंबड्या पाळायची. अजून अंड्यावर न आलेली ती तलंग, अंड्यांवर बसून राहते ती खुडूक, टोपलीखाली झाकून ठेवणं म्हणजे डालणं. दिल्लीत वाढताना हे माझ्यापर्यंत पोचलंच नव्हतं. चाळिशी उलटल्यावर मी ते वडिलांकडून शिकले, खुराड्यासमोर प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून.

चौथ्या पिढीत हा कोंबडा निघाला. गव्हाळ-लाल अंग, काळी छाती, पिवळे जाड पाय. मी त्याला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा दोष शोधायला म्हणून घेतलं होतं. पुन्हा पुन्हा चाचपलं. काहीच सापडलं नाही. त्या वसंतात मी त्याला माझ्या दोन उत्तम कोंबड्यांबरोबर ठेवलं, आणि त्यातून सात नर पिल्लं चांगली निघाली.

घरमालक पन्नाशीचा, दुधाचा आणि प्लॉटचा व्यवहार करणारा. बोलायला अतिशय गोड. बाबांना "अंकल जी" म्हणायचा, मला "मॅडम जी". संध्याकाळी चहाचा ग्लास घेऊन भिंतीपाशी उभा राहायचा आणि कोंबड्याकडे बघत बसायचा.

"मॅडम जी, इसको कभी लड़ाया?"

"नहीं. हम लड़ाते नहीं."

"तो फिर पता कैसे चलेगा कि असील है?"

मी त्याला पाय, हाड, खांदे, मादीची बाजू, सगळं समजावून सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "वो सब तो ठीक है. पर दम अखाड़े में ही दिखता है."

दिवाळीनंतर त्याने कोंबडा विकत मागितला. मी नाही म्हटलं. "कोई बात नहीं," तो हसून म्हणाला, "घर की ही बात है." ते हसणं मला आवडलं नव्हतं. पण त्याच्याच घरात राहत होतो आम्ही.

त्या रविवारी भिंतीपलीकडे त्याची बायको उन्हात पायरीवर बसून मटार सोलत होती. माझ्यापेक्षा बरीच लहान. माझ्याशी बोलायच्या आधी नेहमी मागे वळून बघायची.

"भाभी, हमारा मुर्गा दिख नहीं रहा."

तिने मान वर केली नाही. "शाम तक आ जाएगा, दीदी."

"कहाँ गया है?"

तिची बोटं थांबली. तिने मागे बघितलं. घरात कुणी नव्हतं, तरी आवाज खाली आणून म्हणाली, "बंद खदान के पास. मेरा नाम मत लेना."

मी नवऱ्याला फोन लावला. महिन्यातून एका रविवारी कारखान्यात मशीनची देखभाल असते, त्यासाठी तो गेला होता. मागे खडखडाट ऐकू येत होता.

"जाऊ नकोस," तो म्हणाला. "तिथे कसले लोक असतील काय माहीत. मी दुपारी निघतो."

"दुपारपर्यंत तो उरणार नाही."

"मग पोलिसांना फोन कर."

तो विचार माझ्याही मनात येऊन गेला होता. पण पोलीस आले तर कोंबडा आधी पुरावा होणार, मग हातात कधी येणार कोण जाणे. आणि संध्याकाळी आम्हाला याच मालकाच्या छपराखाली परतायचं होतं. नवऱ्यालाही हे कळत होतं. तो म्हणाला, "यार, एक कोंबडाच आहे तो."

मी फोन ठेवला. तोवर बाबांनी उपासनेला जायला बोलावलेली टॅक्सी रद्द केली होती. "गाडी काढ," ते म्हणाले.

गावाबाहेर पडलं की अरवलीच्या टेकड्या लागतात. तिथल्या दगडाच्या खाणी बंद झाल्या, खड्डे तसेच राहिले. रस्ता कच्चा, दोन्ही बाजूंना विलायती कीकर, म्हणजे आपली वेडी बाभूळ. बाबा शेजारी ताठ बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून. त्यांनी नोकरीत कुणावर आवाज चढवल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. साहेबाने फाइल फेकली तर उचलून नीट लावून परत ठेवणारा माणूस.

"तिथे गेल्यावर काय बोलायचं?" मी विचारलं.

"बघू," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "तू गाडी वळवून तोंड रस्त्याकडे करून लाव."

खाणीच्या तोंडाशी मोटारसायकली आणि चार-पाच मोठ्या गाड्या उभ्या होत्या. एक जण स्टोव्हवर चहा करत होता. झाडांखाली कापडाने झाकलेल्या टोपल्या ओळीने ठेवलेल्या. मला वाटलं होतं आरडाओरडा असेल. तसं नव्हतं. पुरुषांचं एक कडं होतं आणि ते जवळजवळ शांत होतं, फक्त मधूनच एकदम हुंकार उठायचा. बाई मी एकटीच होते.

बाबांचा कोट-टाय बघून चहावाल्याने स्टोव्ह बारीक केला. "कौन साहब हैं? चेकिंग है क्या?" कडेच्या दोघांनी वळून बघितलं आणि बाजूला सरले. बाबा सरळ चालत राहिले. मी त्यांच्या मागे.

कड्याच्या आत तो होता. समोर एक काळा, त्याच्यापेक्षा थोराड कोंबडा. दोघांच्या मानेची पिसं उपटली गेली होती, त्यामुळे ते एकदम म्हातारे आणि उघडे दिसत होते. आमच्याची उजवी बाजू रक्ताने माखली होती आणि तो मान वाकडी करून डाव्या डोळ्याने बघत होता.

त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगायला जड जातं. मला ओरडायचं होतं, आणि मी बघत उभी राहिले. ज्या रुंद पायांसाठी मी पिढ्यान्‌पिढ्या पिल्लं निवडली होती, ते पाय जमिनीत रोवून तो उभा होता. काळा अंगावर येऊन आदळायचा आणि हा हलायचा नाही. खांदा, मान, पाय, मी कागदावर लिहावं तसं सगळं जागेवर होतं. छातीत काहीतरी फुगून आलं. अभिमानच होता तो, दुसरं काही म्हणता येणार नाही. मग त्याने डोकं झटकलं आणि रक्ताचे थेंब माझ्या सलवारवर उडाले.

मी आत पाऊल टाकलं. कुणीतरी माझ्यापुढे हात आडवा धरला. समोरून घरमालकाने मला बघितलं. त्याचा चेहरा क्षणभर पांढरा पडला, मग त्याने तो पुन्हा गोड केला.

"अरे मॅडम जी! आप यहाँ? पाँच मिनट रुकिए, पानी होने वाला है."

पानी म्हणजे त्यांची मधली सुटी. कडेला बसलेल्या एका म्हाताऱ्याने हात वर केला, दोन माणसं आत गेली आणि आपापला कोंबडा उचलून बाहेर आली. मालकाने आमच्याला मांडीवर घेतलं, तोंडात पाणी भरून त्याच्या डोक्यावर फवारलं आणि ओल्या फडक्याने मान पुसायला लागला. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि दोन्ही हात पुढे केले.

"दीजिए."

"जीत रहा है, मॅडम जी."

"मुझे दीजिए."

तो पुसत राहिला. मग वर न बघता, हळू आवाजात, "आपको बताया किसने?"

"किसी ने नहीं. मुर्गा नहीं था, आप नहीं थे. पूछना किससे था?"

त्याने माझ्याकडे रोखून बघितलं. मी नजर काढली नाही. मटार सोलणारी ती बोटं मला डोळ्यांसमोर दिसत होती, आणि ती माझ्या चेहऱ्यावर त्याला दिसू नयेत एवढंच मी बघत होते.

आता आजूबाजूला कुजबुज वाढली. पैसे लागले होते. एकजण म्हणाला, बीच में कोई नहीं उठाता. दुसरा माझ्या आणि गाडीच्या मध्ये येऊन उभा राहिला. कडेचा तो म्हातारा काठी टेकत आला. सगळे त्याला मान देत होते.

"मुर्गा किसका है?" त्याने विचारलं.

सगळ्यांनी मालकाकडे बघितलं. मालकाने तिथे काय सांगून ठेवलं असेल ते मला एकदम कळलं. मीच पाळलाय, माझ्याच घरचा आहे, असं. मी तोंड उघडणार इतक्यात बाबांनी माझ्या दंडावर हात ठेवला.

"इनके घर का है," ते म्हणाले. "हम भी इन्हीं के घर में रहते हैं. हम उठा रहे हैं."

म्हाताऱ्याने बाबांच्या टायकडे बघितलं, मग मालकाकडे. "उठाया तो हार मानी जाएगी."

"मान लीजिए," बाबा म्हणाले.

मालकाच्या जबड्याची शीर हलत होती. चार लोकांत त्याला चोर ठरवलं नव्हतं, तेवढी वाट बाबांनी त्याच्यासाठी उघडी ठेवली होती. नाही म्हटलं असतं तर ती बंद झाली असती. त्याने कोंबडा उचलला आणि माझ्या हातात ठेवला, ठेवला म्हणजे जवळजवळ आपटलाच. मी गाडीकडे चालू लागले. मागून कुणीतरी शिवी दिली. कुणाला, ते वळून बघितलं नाही.

परतताना तो बाबांच्या मांडीवर होता, त्यांच्या एकुलत्या एक चांगल्या कोटावर. "पोपटासारखा शांत बसलाय बघ," ते म्हणाले, आणि मग खिडकीबाहेर बघत राहिले.

मी डोळा मिठाच्या कोमट पाण्याने धुतला, जखमांना औषध लावलं. दुसऱ्या दिवशी गुरांच्या डॉक्टरांना दाखवलं. उजवा डोळा गेलाच होता.

पण त्याआधी, त्याच संध्याकाळी, घरमालक आला. नवरा घरी आला होता. आम्ही तिघं ओट्यावर होतो. माफी वगैरे त्याने मागितली नाही. खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला की कोंबडा उचलला नसता तर जिंकला असता, सगळ्यांनी पाहिलं, दोन जण आताच त्याची पिल्लं मागतायत.

"मुर्गा आपका," तो म्हणाला, "ज़मीन हमारी. बच्चे आधे-आधे कर लेते हैं."

नवऱ्याने समजुतीचं बोलायला सुरुवात केली, देख लेंगे, सोच लेंगे. मी म्हटलं, "बच्चे किसी को नहीं देने हैं."

मालक उठला. "ठीक है. जनवरी में भाई का परिवार आ रहा है. घर चाहिए होगा." आणि बाबांकडे वळून, "नमस्ते अंकल जी." तो गेल्यावर बराच वेळ कुणी दिवा लावायला उठलं नाही.

कोंबड्यांसकट घर शोधणं म्हणजे काय ते त्या महिन्यात कळलं. सोसायट्यांमध्ये तर विचारायचीही सोय नाही. शेवटी पतौदीच्या रस्त्याला एक जुनं घर मिळालं. मालकीण निवृत्त शिक्षिका, शुद्ध शाकाहारी, एकटी राहणारी. कोंबड्यांना हरकत नाही म्हणाली. "लेकिन मुर्गा एक. एक से ज़्यादा हुआ तो मैं सो नहीं पाऊँगी."

एक. आणि माझ्याकडे तो, आणि त्याचे सात मुलगे. आठ-नऊ महिन्यांचे, नुकते आवाज फुटलेले. दोघं तर असे होते की बापाच्या वरचढ निघतील असं मला वाटत होतं. मी ओळखीच्या हौशी लोकांना फोन केले. पुण्याला एकाला हवे होते, पण थंडीत एवढ्या लांब पाठवणार कसे? जवळच्या एकाने लगेच होकार दिला आणि वर विचारलं, "वही खदान वाला बाप है ना?" मी फोन बंद केला. बातमी आमच्या आधी सगळीकडे पोचली होती.

एके दुपारी मालकाची बायको भिंतीपाशी आली. हातात कपड्यांची बादली, म्हणजे कुणी बघितलं तर कपडे वाळत घालायला आली असं वाटावं.

"दीदी, काने को कोई नहीं लड़ाता," ती म्हणाली. "उनकी नज़र बच्चों पे है. आपके जाने से पहले उठवा लेंगे." मग दोरीवर चादर टाकता टाकता, "एक भी मत छोड़ना."

त्या रात्री मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "एखादा तरी ठेव. तो काळसर पायांचा."

"मग बापाला काढावं लागेल."

खाणीवरून आल्यापासून ते रोज दुपारी त्याच्याजवळ खुर्ची टाकून बसायचे, आंधळ्या बाजूने दाणा दिसत नाही म्हणून डाव्या बाजूने भरवायचे.

नाताळच्या आधी मी ते केलं. एकेकाला हातात घेतलं, सवयीने हाड चाचपलं, पाय बघितले. मी आजवर काढलेली ती सगळ्यात चांगली पिढी होती. सुरी धरताना हात थरथरला तर पक्ष्याचे हाल होतात, म्हणून मी तो थरथरू दिला नाही. नवरा त्या दिवशी बाजारात गेला नाही. पाण्याची पातेली गरम करून आणत राहिला, पिसं काढायला बसला, आणि त्याच्या पांढऱ्या बनियनवर पिसं चिकटलेली तशीच राहिली.

असीलचं मांस चिवट. कुकरला शिट्ट्यांवर शिट्ट्या द्याव्या लागल्या. नाताळच्या जेवणाला आम्ही दोन मोठे डबे भरून दिल्लीला चर्चच्या मंडळीत नेले. लोक म्हणाले, रस्सा काय झालाय, गावाकडची चव आहे. बाबांनी वाटीभर घेतला आणि पूर्ण संपवला.

जानेवारीत सामान भरत होतो तेव्हा मालक फाटकात येऊन उभा राहिला. धुकं होतं. टेम्पोत टोपल्या चढत होत्या आणि तो प्रत्येक टोपलीकडे वाकून बघत होता. गाडीत बाबांच्या मांडीवर तो एकाक्ष बसला होता. मालकाने खिडकीतून हात घालून त्याची मान वळवली, बुजलेला डोळा बघितला आणि हात काढून घेतला.

"बच्चे किधर हैं?"

"खा लिए," मी म्हटलं.

त्याला ते कळलं नाही. "क्या?"

"खा लिए. बड़े दिन पे."

"सारे?"

"सारे."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी त्याच्याकडून शिव्यांची, निदान टोमण्याची तयारी ठेवली होती. तो एक पाऊल मागे सरला, जसं आपण चावऱ्या कुत्र्यापासून सरतो. "आप लोग भी…" एवढंच म्हणाला. भिंतीपलीकडे त्याची बायको कपडे वाळत घालत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही, तिने माझ्याकडे बघितलं नाही.

नव्या घरी कोंबडा पहिले काही दिवस खाईना, मग खायला लागला. तो बदललाय हे खरं. पूर्वी हातात घेतला की सैल पडायचा, आता आंधळ्या बाजूने कुणी आलं तर चोच मारतो. फुटलेला डोळा बापाकडून पिल्लांत उतरत नाही, हे मला माहीत आहे. भीती उतरते का, ते मी बघतेय. मार्चमध्ये दोन्ही कोंबड्या खुडूक झाल्या आणि पिल्लं निघाली. तलंगा मी ओळखीच्यांना देते. नर कुणालाही नाही. यावरून दोन-तीन हौशी मित्र तुटले. एकजण म्हणाला, इतकं चांगलं रक्त तुम्ही पातेल्यात घालताय. मी म्हटलं, हो.

उन्हाळ्यात एकदा अनोळखी नंबरवरून फोन आला. मालकाची बायको होती. तिच्या नवऱ्याने कुठूनतरी नवा कोंबडा आणला होता, तो कोंबडा त्या सकाळी झुंजीवरून परत आला होता आणि अंगणात पडून होता.

"दीदी, आपने आँख में क्या डाला था?"

मी तिला सांगितलं. पाणी उकळून कोमट होऊ दे. थोडं मीठ. कापूस नको, मऊ सुती कापड घे, आतून बाहेर पूस. ती एकेक शब्द परत म्हणून बघत होती, गुनगुना पानी, थोड़ा नमक. मी म्हटलं, अंधाऱ्या जागी ठेव त्याला, आणि तू स्वतः —

मागे पुरुषाचा आवाज आला, "किससे बात हो रही है?"

फोन बंद झाला. मी त्या नंबरवर उलट फोन केला नाही. करायला हवा की नको, हे बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "नको. तो उचलेल. तिलाच करू दे." म्हणून मी फोन जवळ ठेवते, अंगणात जातानाही. तिचा अजून आलेला नाही.